टाकाऊतून संवेदक : पाण्याची चाहूल सांगणारी दोन उपकरणे

भाटघर, नीरा देवघर, पानशेत, वरसगाव, गुंजवणी. एवढी धरणे ज्या दोन तालुक्यांत आहेत, त्या भोर-वेल्ह्यातील आपल्यासारख्या माणसांना पाण्याविषयी वेगळे काही शिकवायला नको, असे वाटणे स्वाभाविक आहे. तरीही "काल किती पाऊस पडला?" असे विचारले, तर उत्तर येते, "पुष्कळ." किती मिलिमीटर, हे गावात क्वचितच कोणी सांगतो. वसतिगृहातील मुलांसह टाकाऊ वस्तूंपासून संवेदक, म्हणजे ज्याला आपण बोलताना सेन्सर म्हणतो, तो बनविण्याचा उपक्रम आम्ही हाती घेतला तो या उत्तरामुळे.

या वाटेवर आपल्या जिल्ह्यात आधीच मोठे काम झालेले आहे. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम सुरू केला आणि हाताने काम करीत शिकण्याची पद्धत रुजविली. पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी कचऱ्यातून शेकडो वैज्ञानिक खेळणी घडविली. आमचे प्रयोग त्यांच्या मानाने अगदी लहान आहेत.

पहिले उपकरण पर्जन्यमापक. सरळ भिंतीची प्लॅस्टिकची बाटली वरून कापावी आणि कापलेला गळ्याचा भाग उलटा करून तिच्यातच नाळक्यासारखा बसवावा. बाटलीचा तळ खाचखळग्यांचा असतो, म्हणून सरळ भिंत सुरू होईपर्यंत पाणी भरून तेथे शून्याची रेघ मारावी आणि तेथून वर मोजपट्टी चिकटवावी. बाटलीचे तोंड आणि पोट सारख्याच रुंदीचे असल्याने 1 मिलिमीटर चढलेले पाणी म्हणजे 1 मिलिमीटर पाऊस. एक चौरस मीटर जमिनीवर तेवढा पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. हवामान खाते सकाळी साडेआठला नोंद घेते, आपणही तीच वेळ पाळावी, म्हणजे आकडे ताडून पाहता येतात.

यात एक उणीव आहे. लिटरभराच्या बाटलीचा सरळ भाग जेमतेम 15 सेंटीमीटर, म्हणजे 150 मिलिमीटर. हवामान खाते 24 तासांत 204.4 मिलिमीटरहून अधिक पडलेल्या पावसाला सर्वांत वरच्या वर्गात धरते. म्हणजे ज्या दिवसाची नोंद सर्वाधिक मोलाची, त्याच दिवशी आपली बाटली ओसंडून खोटे बोलणार. मुसळधार पाऊस असेल तेव्हा ती दर काही तासांनी वाचून रिकामी करावी, पुन्हा शून्यापर्यंत भरावी आणि आकड्यांची बेरीज करावी, हाच त्यावर उपाय.

दुसरे उपकरण पाणी ठराविक उंचीला पोहोचताच वाजणारा इशारा. याने आम्हांला अधिक शिकविले. मुलांनी स्टीलचे दोन जुने चमचे, मोडक्या खेळण्यातील बझर आणि 9 व्होल्टची बॅटरी एका ओळीत जोडली. चमचे पाण्यात बुडाले की परिपथ पूर्ण होतो. प्रदर्शनात मिठाच्या पाण्यात बझर खणखणीत वाजला, टाळ्या पडल्या. पावसाच्या पाण्याच्या टाकीत तोच मुका राहिला. टाकी भरून वाहिली तेव्हा आम्हांला कळले.

कारण साधे आहे. वीज वाहून नेतात ते पाण्यात विरघळलेले क्षार, आणि पावसाच्या पाण्यात ते फारच थोडे असतात. वाहणारा प्रवाह बझरला पुरत नाही. तेव्हा बिघडलेल्या रेडिओतील एन-पी-एन जातीचा ट्रान्झिस्टर कामी आला. बीसी 547 हा नवाही अत्यल्प किमतीत मिळतो. एक चमचा बॅटरीच्या धन टोकाला जोडावा, दुसरा 1 किलोओहमच्या रोधातून ट्रान्झिस्टरच्या बेसला, एमिटर ऋण टोकाला, आणि बझर धन टोक व कलेक्टर यांच्यामध्ये. बेसमध्ये शिरणारा क्षीण प्रवाह कलेक्टरकडे शंभराहून अधिक पटींनी वाढतो आणि पावसाच्या पाण्यातही बझर वाजतो. चमच्यांऐवजी लोखंडी खिळे वापरू नयेत, धन बाजूचा खिळा लवकर झिजतो. घरातील विजेशी हे उपकरण कधीही जोडू नये.

मग उलटाच दोष निघाला. आपल्याकडे श्रावणात भिंतीसुद्धा घाम गाळतात. दोन्ही चमचे एकाच लाकडी पट्टीवर ठोकलेले होते. पट्टी ओलावली आणि टाकी अर्धी असतानाच मध्यरात्री बझर ओरडू लागला. दोन रात्री असे झाल्यावर तिसऱ्या रात्री कोणी उठले नाही. मला या प्रसंगाची टाकी वाहून जाण्यापेक्षा अधिक धास्ती वाटते. 12 जुलै 1961 रोजी याच वेल्हे तालुक्यातील पानशेतचे धरण फुटले, त्यापाठोपाठ खडकवासल्याचे, आणि पुण्यात हाहाकार उडाला. आमची टाकी कुठे आणि ते धरण कुठे! पण ती आठवण सांगणारी वडीलधारी माणसे आपल्या गावांत आहेत, आणि ज्या इशाऱ्यावरचा विश्वास उडाला तो वाजूनही काय उपयोग, हे त्यांना समजावून सांगावे लागत नाही.

आता चमचे वेगवेगळ्या तारांनी, टाकीच्या झाकणातील दोन दूरच्या छिद्रांतून लोंबतात. रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापक वाचणारा विद्यार्थी पावसाच्याच पाण्याने भरलेल्या पेल्यात ते बुडवून पाहतो आणि वहीत पावसाच्या आकड्याशेजारी "वाजला" किंवा "वाजला नाही" असे लिहितो. "वाजला नाही" असे लिहिले गेले, तर त्याच दिवशी बॅटरी बदलली जाते.