आधी गट, मग गाडी

पोरी, रेसच्या ट्रॅकवर आपली गाडी चालवायच्या ट्रॅक डेच्या फॉर्मवर गटाचा रकाना कोरा ठेवून तू मामाला विचारलंस, हे फार बरं केलंस. टायर, हेल्मेट, फी या सगळ्यांच्या आधी तोच रकाना नीट भरायचा असतो. साधारण तीन गट असतात: नवशिके, मध्यम आणि सराईत. एका वेळी एकच गट ट्रॅकवर जातो, पंधरा-वीस मिनिटं फिरतो आणि आत येतो. मग दुसऱ्याची पाळी. गट चुकला तर दिवसभर नुसतं धास्तावून फिरणं होतं, शिकणं होत नाही. त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्याच्या जिवाला आपल्यामुळे घोर लागतो. गॅरेजात आणि पिटमध्ये उभं राहून मला जे कळलं, ते आता तुझ्या हवाली करतो.

प्रवासाचा खर्च गटातून वसूल करायला जाऊ नकोस.
आपल्या नगरला वाहननगरात डीआरडीओची व्हीआरडीई ही वाहनांवर संशोधन करणारी संस्था आहे, तिथे चाचणीचे ट्रॅक आहेत. पण ते गाड्यांच्या परीक्षेसाठी, आपल्यासारख्या हौशी लोकांसाठी नव्हेत. आपल्याला जायचं ते कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेला, चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला, नाहीतर ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटला. नगरहून तिन्ही हजार किलोमीटरच्या पुढे. एवढं पेट्रोल, टोल, लॉजचं भाडं भरून पोचल्यावर मन म्हणतं, आता खालच्या गटात कशाला राहायचं? नेमका तिथेच पाय घसरतो. शिवाय ज्या गाडीनं जायचं तिनंच परत यायचं असेल, तर संध्याकाळी ती धड राहील असाच गट घ्यायचा. ब्रेक जळालेली गाडी घेऊन हजार किलोमीटर येणं म्हणजे घरच्यांचा जीव टांगणीला लावणं.

घाटातला हात ट्रॅकच्या अनुभवात धरू नकोस.
करंजी घाट तू सफाईनं उतरतेस, चंदनापुरीतही तुझा हात चांगला आहे, हे मी पाहिलंय. पण घाटात आपण समोरून येणाऱ्या गाडीचा अंदाज घेत चालवतो. ट्रॅकवर सगळे एकाच दिशेला जातात आणि खरी गोष्ट घडते ती पाठीमागे. कोपरगावजवळून समृद्धी महामार्ग जातो, तिथे मोटारींना ताशी 120 ची मर्यादा आहे. ती पाळायचीच. आणि मर्यादेत राहून कितीही तास चालवलं तरी ती ट्रॅकची तयारी होत नाही, कारण तिथे ब्रेक क्वचितच लागतो. ट्रॅकवर दर फेरीत पुन्हा पुन्हा भरवेगातून ब्रेक मारावा लागतो. वेग 100 चा 140 झाला की थांबवायची ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते. ती सगळी उष्णता होऊन डिस्क, पॅड आणि ब्रेक ऑइलमध्ये जाते. डॉट 4 चं ताजं ऑइल निदान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पण हवेतलं पाणी शोषलेलं तेच ऑइल 155 च्या आसपासही उकळू शकतं. उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल खाली बसतं. तेव्हा ऑइल बदलल्याशिवाय कुठल्याच गटात जायचं नाही.

गाडी बघून गट घेऊ नकोस, हात बघून घे.
बैलगाडा शर्यतीत आदत, म्हणजे कोवळं, वासरू कितीही तेज असलं तरी जाणता गाडामालक त्याला ओपन गटाच्या बैलांबरोबर जुंपत नाही. ट्रॅकवर मात्र लोक महागड्या गाडीच्या जोरावर वरचा गट मागतात. सरळ रस्त्यावर ती गाडी पुढे निघून जाते आणि वळणात सगळ्यांना अडवून बसते. मागचा माणूस हातानं चांगला असूनही अडकतो, चिडतो आणि चिडून नको तिथे घुसतो.

तुझ्या लहान गाडीचा हिशोब वेगळा आहे. करी ट्रॅक जेमतेम 2.1 किलोमीटरचा आणि वळणावळणांचा, तिथे हलकी गाडी मोठ्या गाडीच्या तोडीस तोड चालते. इरुंगट्टुकोट्टई 3.7 किलोमीटर. बुद्ध सर्किट 5.1 किलोमीटर, आणि तिथला एकच सरळ पट्टा किलोमीटरभर लांब. म्हणजे तू तीच, गाडीही तीच, तरी करीवर शोभेल तो गट बुद्धवर तुला झेपेलच असं नाही. काही आयोजक इंजिन किंवा ताकद बघून गट पाडतात. त्यांना आधीच विचार, की चालवणाऱ्याचा अनुभवही बघता का?

आरशाकडे बघायला फुरसत उरते, तो तुझा गट.
हा सगळ्यांत मोठा कानमंत्र, बाकीचे विसरलीस तरी हा विसरू नकोस. फेऱ्या संपवून आत आलीस की गाडी बंद करायच्या आधी स्वतःला तीन प्रश्न विचार. माझ्या मागे कोणकोणत्या गाड्या होत्या? झेंडे दाखवणारे मार्शल कुठे कुठे उभे होते? कोणता झेंडा दिसला? उत्तरं पटापट आली तर गट बरोबर आहे. नुसती वळणंच आठवत असतील तर तुझं सगळं ध्यान स्टिअरिंगमध्ये संपतंय, मग एक गट खाली जा.

झेंडे पाठच हवेत. पिवळा म्हणजे पुढे धोका, वेग कमी, ओव्हरटेक बंद. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी आलीय. लाल म्हणजे फेऱ्या थांबल्या, सावकाश सांगितल्या जागी यायचं. काळा तुला दाखवला तर मुकाट्यानं पिटमध्ये. चौकटींचा म्हणजे वेळ संपली.

ओव्हरटेकचा नियम आधी वाच.
गटागटांत खरा फरक असतो तो इथे. नवशिक्यांमध्ये सहसा ठरावीक सरळ पट्ट्यांवरच, आणि तेही पुढच्यानं खूण केल्यावरच पुढे जाता येतं. मधल्या गटात जागा वाढतात. सराईतांमध्ये काही ठिकाणी वळणातही मुभा असते. ताशी 144 ला गाडी सेकंदाला 40 मीटर जाते. एवढ्या वेगात वळणावर शेजारी अचानक दुसरी गाडी आली तर आपण दचकणार नाही, याची खात्री असेल तेव्हाच वरचा गट मागायचा.

वाट देण्याची रीत अशी: आपली रेषा सोडायची नाही, कोणत्या बाजूनं जायचं ते हातानं स्पष्ट दाखवायचं आणि ॲक्सिलरेटर थोडा सोडायचा. खूण करून पुन्हा पळवत सुटणं हा अपमान आहे. आणि पुढच्यानं खूण केली नाही तर आपण घुसायचं नाही, मग कितीही वेळ जावो.

दोन गटांच्या मध्ये वाटलं तर खालचा घे.
वरच्या गटात सगळ्यांत मागे राहिलीस तर दर फेरीत कुणाला तरी वाट देण्यातच वेळ जाईल. खालच्या गटात पुढे असलीस तर मोकळ्या ट्रॅकवर एकेक वळण घोटता येईल. ट्रॅक नवा असेल, गाडी नवी असेल, टायरची जात बदलली असेल किंवा पाऊस असेल, तर नेहमीच्या गटाच्या एक पायरी खाली उतर. कॅलिफोर्निया सुपरबाईक स्कूल ही मोटारसायकलवाल्यांची नामांकित शाळा चेन्नईच्या ट्रॅकवर येऊन शिकवून गेली आहे. तिथे वर्षानुवर्षं बाईक चालवणाऱ्यालाही पहिल्या पायरीपासूनच सुरुवात करावी लागते. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

आणि जवळपास शिकायचं असेल तर कार्टिंग कर. कोल्हापूरला मोहिते रेसिंग अकादमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धांच्या फेऱ्या झाल्या आहेत. रेषा धरणं, आरसा नसताना मागच्याचा अंदाज घेणं, हे कार्टमध्ये स्वस्तात अंगवळणी पडतं.

मैत्रीण वरच्या गटात गेली म्हणून तू जाऊ नकोस.
दोघी एका गटात असलात की एकमेकींच्या मागे लागाल, आणि ट्रॅक डे ही शर्यत नसते. दोघी वेगवेगळ्या गटांत असाल तर एक चालवताना दुसरी भिंतीपाशी उभी राहून तिच्या रेषा बघू शकते. ते जास्त उपयोगाचं.

वर जायची वेळ झाली हे कसं ओळखायचं?
एकच चपळ फेरी लागली म्हणून नव्हे. एकामागून एक फेऱ्या सेकंद-दोन सेकंदांच्या आत यायला लागल्या, ब्रेक दर वेळी त्याच जागी लागायला लागला, मागच्याला वाट देताना छातीत धडधडेनासं झालं, आणि इन्स्ट्रक्टर आपणहून म्हणाला, की आता जा. या चारही गोष्टी जुळल्या तरच.

खाली यायला मात्र कुणाच्या शिफारशीची गरज नाही. जेवणानंतर डोकं जड झालं, हात दुखायला लागले, तर सरळ आयोजकाकडे जाऊन गट बदलून माग. शेवटच्या फेऱ्या सोडून दिल्यास तरी चालेल. थकलेला माणूस ब्रेक उशिरा मारतो आणि ते त्याला कळतही नाही.

कुठल्याही गटात जा, एवढं केल्याशिवाय नाही.
विम्याची पॉलिसी काढून वाच. आपल्याकडच्या मोटार पॉलिसीत संघटित शर्यत आणि वेगाची चाचणी सहसा वगळलेली असते, तेव्हा नुकसान झालं तर खिशातून, हे धरून चाल. अंगात सुती कपडे, डोक्याला पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट. गाडीतली बाटली, जॅक, सुटं सामान सगळं बाहेर. दर वेळच्या फेऱ्यांनंतर चाकांचे नट तपास. शेवटची फेरी ब्रेक न तापवता सावकाश घे, आणि उभी केल्यावर हँडब्रेक ओढू नकोस, चाकाला ओट लाव.

आणि पोरी, मला गटाची एवढी काळजी का, तेही ऐक. तू स्वतःबद्दल जे लिहून देतेस, त्यावर विसंबून अनोळखी माणसं तुझ्या पुढे-मागे वेग धरतात. त्यांनाही घरी परत जायचं असतं. त्यांना तुझ्या गाडीची किंमत कळून उपयोग नाही. वळणाच्या तोंडाशी तू काय करशील, एवढं त्यांना आधीच ठाऊक असायला हवं. म्हणून खरं तेच लिही, आणि लिहिलंस तसंच चालव.