घरची आग : पहिली दहा मिनिटे आपली



हंगामाच्या तोंडावर कारखान्यात बॉयलरचे अग्निप्रदीपन होते. पण त्याआधी बॉयलरची रीतसर तपासणी होते, झडपा बघितल्या जातात, कोणी कोठे उभे राहायचे ते ठरलेले असते. आपल्या घरात मात्र रोज दोन वेळा अग्निप्रदीपन होते आणि तपासणी कोणीच करीत नाही! ऊस पेटला तर कोणाकडे धावायचे हे आपणा सर्वांस तोंडपाठ आहे. घर पेटले तर? "बघू की तेव्हा," असे आपण म्हणतो. तेव्हा बघायला सवड नसते.

आपल्या वस्त्या गावापासून लांब, रस्ता पाणंदीचा. बंब येईपर्यंत जे वाचवायचे ते घरच्यांनीच. म्हणून पुढील गोष्टी आजच ठरवून ठेवू या.

पाणी : मोटारीची लाईट कधी दिवसा, कधी रात्री. आग काही लाईटची पाळी बघून लागत नाही. दाराशी एक पिंप कायम भरलेले असावे, शेजारी दोन बादल्या आणि मातीचा ढीग. मात्र विजेच्या आगीवर पाणी मारू नये; आधी मेन स्विच बंद करावा. तो कोठे आहे हे पोरासोरांनाही माहीत हवे.

गोठा : आमच्या पाहण्यातल्या एका वस्तीवर गोठा पेटला. माणसे वेळेवर धावली. पण दाव्यांच्या गाठी आवळून बसलेल्या, आणि विळा कोठे ठेवलाय हे फक्त घरच्या बाईला ठाऊक. ती बाजाराला गेलेली. दोन म्हशी डोळ्यांदेखत गेल्या. तेव्हा दाव्याला ओढताच सुटणारी गाठ मारावी आणि गोठ्याच्या दाराशी एका ठरल्या खिळ्याला विळा टांगावा. तो तेथून कोणी हलवू नये. कडब्याची गंजी घरापासून व विजेच्या तारांपासून लांब रचावी. चुलीतली राख पाणी मारूनच उकिरड्यावर टाकावी.

स्वयंपाकघर : कढईतले तेल पेटले तर पाणी ओतू नये, भडका उडतो. गॅस बंद करून वर झाकण ठेवावे आणि कढई जागची हलवू नये. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. वास आला तर काडी ओढू नये, दिव्याचे बटण लावूही नये आणि बंदही करू नये. रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, बाहेर पडून १९०६ वर फोन करावा. रबरी नळीवर छापलेली मुदत बघावी. डिझेल-पेट्रोलचा कॅन घरात नकोच.

माणूस : कपडे पेटले तर पळू नये. जमिनीवर लोळावे, किंवा दुसऱ्याने घोंगडी लपेटून आग दाबावी. भाजलेल्या जागी वीस मिनिटे गार पाणी सोडावे, बर्फ नको. बांगड्या-अंगठ्या लगेच काढाव्यात. चिकटलेला कपडा ओढू नये. शाई, तूप, टूथपेस्ट लावणे हा उपचार नव्हे. दवाखान्यासाठी १०८, बंबासाठी १०१, आणि कोणत्याही संकटात ११२. हे आकडे दाराच्या आत ठळक लिहून ठेवा. पत्ता सांगताना गट नंबर सांगून भागत नाही. कोणत्या फाट्यावर वळायचे, कोणती खूण, ते सांगा आणि एक माणूस फाट्यावर उभा करा.

येत्या अमावास्येला औत बंदच असेल. त्या दिवशी घरातल्या सर्वांनी एकत्र बसावे. म्हातारीला कोण उचलणार, लहानग्यांना कोण घेणार, जनावरे कोण सोडणार, बाहेर पडून सगळ्यांनी कोणत्या झाडाखाली जमायचे, हे ठरवावे. माणसे मोजून झाली की मग सामानाचे. आत राहिलेल्या दागिन्यांसाठी वा कागदांसाठी कोणीही परत शिरू नये. शेअर सर्टिफिकेटची दुसरी प्रत मिळते, माणसाची मिळत नाही.