घरगुती मत्स्यालयातील गढूळ पाणी : कारणे व उपाय

हैदराबाद शहरास नळावाटे मिळणाऱ्या पाण्याचा उगम शोधीत गेल्यास तो बहुतांशी महाराष्ट्रात सापडतो. मांजरा नदी बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगरांत उगम पावते, कृष्णा महाबळेश्वरी, तर गोदावरी त्र्यंबकेश्वरी. या तिन्ही नद्यांचे पाणी शुद्ध करून शहरास पुरविले जाते. १९०८ च्या महापुरानंतर मुसी व तिची उपनदी इसी यांवर बांधलेले उस्मानसागर (१९२०) आणि हिमायतसागर (१९२७) हे जलाशय त्या मानाने जुने होत. जेथे नळाचे पाणी अपुरे पडते तेथे विंधन विहिरीचे किंवा टँकरचे पाणी त्याच हौदात मिसळले जाते. काचीगुडा, सुलतान बाजार यांसारख्या भागांत अनेक पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांपैकी एखाद्याने हौसेने काचेची पेटी आणून तीत शोभिवंत मासे सोडले, तर त्या माशांच्या वाट्यास हेच संमिश्र पाणी येते. पेटी मांडल्यापासून तीन-चार दिवसांत हे पाणी बहुधा दुधट होते आणि येथूनच घरातील मंडळींची धावपळ सुरू होते.

ही धावपळ साधारणतः एकाच प्रकारची असते. सर्व पाणी उपसून टाकावयाचे, वाळू व गाळणयंत्रातील स्पंज नळाखाली खळखळून धुवावयाचे, पेटी पुन्हा भरावयाची. दोन दिवस पाणी आरशासारखे स्वच्छ दिसते. तिसऱ्या दिवशी पुन्हा दुधट होते. पुन्हा उपसा, पुन्हा धुणे. तिसऱ्या-चौथ्या खेपेस मासे मरू लागतात आणि दोष दुकानदारावर अथवा नशिबावर जातो. वास्तविक दोष बहुतेक वेळा त्या उपशातच असतो.

दुधटपणा म्हणजे काय

मासे कल्ल्यांवाटे व विष्ठेवाटे अमोनिया बाहेर टाकतात. उरलेले खाद्य कुजल्यानेही अमोनिया तयार होतो. नदीत किंवा तळ्यात तो विरून जातो. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच पेटीत जेमतेम पन्नास लिटर पाणी मावते, तेथे त्यास जाण्यास जागा नसते. त्याचा बंदोबस्त दोन प्रकारचे सूक्ष्म जीवाणू करतात. पहिले अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. अमोनिया व नायट्राइट ही दोन्ही माशांस विषारी आहेत. नायट्रेट मात्र बऱ्याच प्रमाणापर्यंत सोसते. शेतातील मातीत अमोनियायुक्त खताचे पिकास घेता येण्याजोगे नायट्रेट होते तेही याच प्रकारच्या जीवाणूंमुळे, हे शेतकरी वाचकांस सांगावयास नको.

हे उपयुक्त जीवाणू पाण्यात तरंगत राहात नाहीत. ते वाळूच्या कणांवर, स्पंजाच्या छिद्रांत व काचेवर चिकटून वाढतात, आणि त्यांची वाढ फार सावकाश होते. त्यांची संख्या दुप्पट होण्यास अनुकूल स्थितीतही सुमारे एक दिवस किंवा त्याहून अधिक काळ लागतो. याउलट कुजणाऱ्या खाद्यावर पोसणारे दुसरे जीवाणू काही तासांत, कित्येकदा त्याहूनही लवकर, दुप्पट होतात आणि पाण्यात मोकळे तरंगतात. नव्या पेटीत दिसणारा दुधटपणा हा या दुसऱ्या जीवाणूंचा होय. पेटीची घडी अद्याप बसलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. ही घडी बसण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. स्पंज व वाळू नळाखाली धुणे म्हणजे जम बसू लागलेले उपयुक्त जीवाणू क्लोरिनयुक्त पाण्याने मारून पुन्हा पहिल्या दिवसापासून आरंभ करणे होय.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावयास हवी. दुधट पाणी दिसते म्हणून भय वाटते. अमोनिया दिसत नाही. स्फटिकासारख्या स्वच्छ पाण्यातही मासा अमोनियाने मरू शकतो. अमोनियाचा विषारीपणा पाण्याच्या सामूवर व तापमानावर अवलंबून असतो. पाण्याचे तापमान ३० अंश सेल्सिअस व सामू ७ असता एकूण अमोनियापैकी एक टक्क्याहूनही कमी भाग विषारी स्वरूपात असतो. सामू ८ झाला की तोच भाग सात टक्क्यांच्या वर जातो. हैदराबाद ग्रॅनाइटच्या खडकावर वसलेले असून तेथील विंधन विहिरींचे पाणी सामान्यतः जड व अल्कधर्मी असते. त्यात उन्हाळ्याची भर पडली म्हणजे थंड प्रदेशातील पुस्तकांत निर्धोक ठरविलेला अमोनियाही येथे घातक ठरू शकतो. अमोनिया तपासण्याचा लहान संच शोभिवंत माशांच्या दुकानांत मिळतो. त्यावर केलेला खर्च रंगीत दगडांवर केलेल्या खर्चापेक्षा अधिक सत्कारणी लागतो.

कारण कसे ओळखावे

पेटीतील पाणी स्वच्छ काचेच्या पेल्यात घेऊन पांढऱ्या कागदापुढे धरावे व नंतर ते रात्रभर न हलविता ठेवावे. सकाळी तळाशी गाळ बसून वरचे पाणी निवळले असल्यास ती वाळूची धूळ किंवा पावसाळ्यात नळास येणारी माती समजावी. वाळू पुरती न धुता घातली म्हणजे असे होते. ती बादलीत घेऊन, वरचे पाणी नितळ येईपर्यंत धुतल्यावाचून पेटीत घालू नये. पाणी तसेच दुधट राहिले तर ते जीवाणूंचे काम. विंधन विहिरीचे पाणी पेटीत हवा सोडू लागल्यावर पांढुरके झाले असेल, तर पेल्यातील नमुन्यात थोडे व्हिनेगर टाकून पाहावे. ते निवळल्यास तो चुन्याचा साका आहे. हीच कसोटी शोभेच्या दगडांनाही लावता येते. ज्या दगडावर व्हिनेगरचा थेंब फसफसतो तो संगमरवरी किंवा चुनखडीचा असून पाणी अधिक जड करतो. शंखशिंपले दिसावयास सुंदर असले तरी त्यांचाही गुण हाच. पाणी चहासारखे तपकिरी परंतु पारदर्शक असल्यास ते पेटीत ठेवलेल्या लाकडाचे सत्त्व होय. त्याने अपाय होत नाही.

पाणी हिरवे झाले असेल तर ते शेवाळाच्या तरंगत्या पेशींमुळे. पेटी बहुधा खिडकीजवळ असते आणि सकाळचे ऊन थेट तीवर पडते. पेटी उन्हापासून हलवावी, दिवा आठ तासांहून अधिक लावू नये. हिरवेपणा फार असल्यास तीन-चार दिवस पेटी काळ्या कापडाने झाकून ठेवावी. मात्र हवेचा पंप अखंड चालू ठेवावा व नंतर काही पाणी बदलावे, कारण मेलेले शेवाळही कुजतेच.

जुन्या, महिनोन्‌महिने निर्मळ असलेल्या पेटीचे पाणी एकाएकी दुधट होऊन दुर्गंधी आली, तर प्रथम मासे मोजावेत. दगडामागे एखादा मेलेला मासा सापडण्याचा संभव असतो. तसे नसल्यास घरात खाद्य कोण घालते याची चौकशी करावी. मुले, आजोबा व पाहुणे असे तिघेही प्रेमाने खाद्य घालीत असल्याचे पुष्कळदा उघडकीस येते.

तुरटी व निवळी

आपल्याकडे गढूळ पाण्यात तुरटी फिरविण्याची अथवा निवळीची बी उगाळण्याची रीत जुनी आहे. पिण्याच्या पाण्यापुरती ती योग्यच आहे. जलशुद्धीकरण केंद्रातही तुरटीचाच उपयोग करतात. परंतु तेथे तुरटीने जमलेला साका तळाशी बसवून, पाणी गाळून मगच पुढे सोडले जाते. मासे असलेल्या पेटीत तुरटी टाकल्यास तो साका माशांच्या कल्ल्यांवर बसू शकतो. शिवाय तुरटीमुळे पाण्याचा अल्कधर्म खर्च होऊन सामू उतरतो. निवळीच्या बियांतील सेंद्रिय पदार्थ तर दुधटपणा आणणाऱ्या जीवाणूंना आयतेच अन्न होते. यास्तव हे दोन्ही उपाय माठापुरतेच ठेवावेत.

प्रत्यक्ष उपाय

नव्या पेटीचे पाणी दुधट झाल्यास एक-दोन दिवस खाद्य पूर्ण बंद ठेवावे. निरोगी, वाढलेले मासे तेवढा उपवास सहज सोसतात. पुढे दिवसातून एकदाच, दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य घालावे. हवेचा पंप रात्रंदिवस चालू ठेवावा, कारण दुधट पाण्यातील जीवाणू माशांच्या वाट्याचा प्राणवायू वापरतात आणि मुळात ऊन पाण्यात प्राणवायू कमीच विरघळतो : २० अंशास लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशास साडेसात. गोल्डफिश पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडू लागले की प्राणवायू घटला किंवा कल्ल्यांस इजा झाली असे समजावे. गुरामी व फायटर हे मासे हवेतूनही श्वास घेतात. त्यांच्या वर येण्यावरून अनुमान काढू नये.

अमोनिया किंवा नायट्राइट आढळल्यास रोज अथवा दिवसाआड चौथा हिस्सा पाणी बदलावे, सर्व कधीही बदलू नये. नळाचे पाणी थेट ओतू नये. रुंद तोंडाच्या बादलीत एक दिवस, शक्य तर हवा सोडून ठेवल्यास त्यातील मोकळा क्लोरिन निघून जातो. वेळ नसल्यास छायाचित्रकारांच्या परिचयाचा हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, वापरावा. नळाच्या शंभर लिटर पाण्यास त्याचा एक ग्रॅमच्या आतील भाग पुरतो. बऱ्याच वस्त्यांत पाणी एक दिवसाआड येत असल्याने बादली भरून ठेवण्याची सवय घरोघरी असतेच. त्याच सवयीचा येथे उपयोग होतो.

स्पंज धुवावयाचा तो पेटीतून काढलेल्या पाण्यातच, आणि तोही हलक्या हाताने पिळून. ओळखीच्या घरी जुनी, निरोगी पेटी असल्यास तेथील स्पंजाचा तुकडा किंवा मूठभर वाळू ओली ठेवून आणावी व नव्या पेटीत ठेवावी. दही लावताना विरजण घालतात तसाच हा प्रकार असून याने आठवडे वाचतात. शाळेत मत्स्यालय मांडावयाचे असल्यास शिक्षकांनी सुटीच्या आधी नव्हे, सुटीनंतर मांडावे, म्हणजे पहिल्या सहा आठवड्यांत लक्ष ठेवण्यास कोणी असेल.

वीज बराच वेळ गेल्यास तांब्याने पाणी काढून थोड्या उंचीवरून पुन्हा पेटीत सोडीत राहावे. बंदिस्त गाळणयंत्र कित्येक तास थांबले असेल, तर त्यातील साचलेले पाणी फेकून मगच ते चालू करावे.

पाणी स्वच्छ करील म्हणून दुकानांत चिकट तोंडाचा सकर मासा सुचविला जातो. तो काचेवरील शेवाळ खातो हे खरे. परंतु तरंगता दुधटपणा त्याला खाता येत नाही, उलट त्याची विष्ठा भरपूर असते आणि तो एक फुटाहून मोठा होतो. पेटीत मावेनासा झाला की लोक तो तलावात सोडतात. दक्षिण अमेरिकेतील हा मासा अशाच रीतीने भारताच्या अनेक जलाशयांत पसरला असून तो मच्छीमारांची जाळी फाडतो व स्थानिक माशांच्या अन्नावर आणि जागेवर अतिक्रमण करतो. तो घेतलाच असेल तर दुकानदारास परत द्यावा; हुसेनसागरात किंवा गावच्या पाझर तलावात सोडू नये.

पेटीतून दर आठवड्यास निघणारे पाणी मात्र कुंड्यांतील झाडांना खुशाल घालावे. त्यात नायट्रेट असते आणि तुळस, मोगरा यांना ते मानवते.