टाकाऊ पुठ्ठ्याचे दागिने व कारागिराची मजुरी

मुळशी तालुक्यात पिरंगुटाकडून पौडास जाणाऱ्या रस्त्यावर कासार आंबोली नावाचे गाव आहे. कासार म्हणजे तांब्यापितळेची भांडी व बांगड्या यांचा धंदा करणारा. पूर्वी आपल्या खेड्यांतून कासार बांगड्या घेऊन दारोदार फिरत असे व बायका त्याच्यापुढे हात करून बसत, हे वडील मंडळींस स्मरत असेल. काच वाळूपासून होते, आणि वाळू तर ओढ्याकाठी पायाखाली तुडविली जाते. तरी बांगडी कोणी फुकट मागत नाही. कारण बांगडीचे मोल वाळूत नाही. ते वाळूस रूप देणाऱ्या हातांत आहे. जे वाळूस लागू तेच पुठ्ठ्यासही लागू आहे काय, हा प्रस्तुत पाठाचा विषय होय.

आज या भागात कारखाने व दुकाने पुष्कळ झाली आहेत, आणि त्यांतून रोज पुठ्ठ्याची खोकी बाहेर पडतात. काही भंगारवाल्याकडे जातात, काही चुलीत जळतात, काही पावसात कुजतात. अशा पुठ्ठ्यापासून मणी, माळा, कानांतील डूल व बांगड्या करून त्यांवर पोट भरणारी माणसे जगात आहेत. त्यांची हकीकत आपणांस बोधप्रद होईल. परंतु ती नुसती नवलाई म्हणून वाचू नये. तिच्यात श्रमाच्या न्याय्य मोबदल्याचा प्रश्न आहे, आणि तो आपल्या उंबऱ्यापर्यंत येऊन पोहोचतो.

१. जुन्यातून नवे करणे आपणांस नवीन नाही

जुन्नर व दौलताबाद ही गावे एके काळी हातकागदासाठी प्रसिद्ध होती. दौलताबादेजवळील कागजीपुरा हे गाव आणि पुण्याच्या कसबा पेठेतील कागदीपुरा यांची नावे त्या कारागिरांवरूनच पडली. हे कारागीर बहुधा मुसलमान असत व त्यांस कागदी म्हणत. जुने दोर, फाटकी गोणपाटे, चिंध्या असा टाकाऊ माल कुटून, भिजवून व धुऊन ते त्याचा लगदा करीत आणि त्या लगद्यापासून कागद काढीत. पेशव्यांच्या दप्तरांत जो कागद आजही टिकून आहे त्यात अशाच हातांचे श्रम आहेत. पुढे गिरणीचा स्वस्त कागद आला व हा धंदा बसला. तो पुन्हा उभा करावा या हेतूने १९४० साली पुण्यात हातकागदाची संस्था स्थापन झाली.

आपल्या आजीबाईही हेच करीत. रद्दी कागद भिजवून, त्यात वाटलेली मेथी मिसळून, मडक्यावर वा पाटीवर तो लगदा थापून त्या टोपल्या करीत. मेथीने लगदा चिकट होई व किडीचाही उपद्रव कमी होई. तेव्हा पुठ्ठ्याचा दागिना हा परदेशी चमत्कार आहे असे समजण्याचे कारण नाही. ज्या हाताने टोपली थापली त्या हातास बांगडीही थापता येईल.

२. हैती बेटावरील माता

अमेरिका खंडाजवळ कॅरिबियन समुद्रात एक मोठे बेट आहे. त्याच्या पश्चिम भागात हैती हा देश आहे. तेथील लोकांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले होते. १७९१ साली त्यांनी बंड केले व १ जानेवारी १८०४ रोजी ते फ्रान्सपासून स्वतंत्र झाले. पण १८२५ साली फ्रान्सने त्या देशावर १५ कोटी फ्रँकची भरपाई लादली. म्हणजे जे गुलाम होते त्यांनीच आपल्या पूर्वीच्या धन्यांस स्वतःच्या सुटकेची किंमत द्यावी! १८३८ साली ती रक्कम ९ कोटींवर आणण्यात आली, तरी तीपायी काढलेल्या कर्जांचा बोजा १९४७ पर्यंत फिटला नाही. देशाच्या दारिद्र्याचे हे एक मोठे कारण होय. त्यावर १२ जानेवारी २०१० रोजी राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सजवळ मोठा भूकंप होऊन लाखाहून अधिक माणसे प्राणास मुकली असे मानले जाते.

२००८ साली कॉरिगन व शेली क्ले हे अमेरिकन दाम्पत्य त्या शहरी राहावयास गेले. तेथे त्यांस असे दिसून आले की, अनाथालयांत ठेवलेली पुष्कळ मुले वास्तविक अनाथ नव्हती. त्यांची आई किंवा बाप जिवंत होता. केवळ खाऊ घालण्याची ऐपत नाही म्हणून त्यांनी आपले लेकरू दुसऱ्याच्या दारी सोडले होते. अशा आईस पैसा देऊन उपकार करण्यापेक्षा काम द्यावे, म्हणजे तिचे मूल तिच्या मांडीवर राहील, असा विचार त्यांनी केला. हाताशी भांडवल नव्हते; पण न्याहारीच्या धान्यपदार्थांची रिकामी खोकी होती. त्या पातळ पुठ्ठ्याच्या पट्ट्या गुंडाळून मणी करण्यास स्त्रियांस शिकविण्यात आले. या कामास अपॅरंट प्रोजेक्ट असे नाव होते. पुढे त्यातून पापियों नावाचा उद्योग निघाला. युगांडा देशातही २००४ पासून कंपाला शहरातील गरीब वस्तीच्या स्त्रियांनी केलेले कागदी मणी परदेशी विकले जाऊ लागले.

हैतीचे लोक हस्तकौशल्यात मुळीच मागे नव्हते. जाकमेल गावी कागदाच्या लगद्याचे मुखवटे करण्याची कला आहे. क्रुआ-दे-बुके येथील जॉर्ज लिओतो या लोहाराने लोखंडी पत्र्याच्या कामास प्रसिद्धी मिळवून दिली, आणि तेथील कारागीर तेलाची रिकामी पिपे कापून व ठोकून सुंदर आकृती करतात. त्यांच्याजवळ कला होती. उणीव होती ती नियमित गिऱ्हाइकाची व पुऱ्या दामाची.

येथे एक दुःखाची गोष्टही सांगितली पाहिजे. गेली काही वर्षे हैतीत सशस्त्र टोळ्यांनी राजधानीचा मोठा भाग व्यापला आहे. २०२४ साली मार्चमध्ये व पुन्हा नोव्हेंबरमध्ये तेथील विमानतळ बंद पडला. ज्या कारागिराचे सारे गिऱ्हाईक समुद्रापलीकडे आहे, त्याचा माल अशा वेळी घरातच पडून राहतो. यावरून असा धडा मिळतो की, दूरच्या गिऱ्हाइकाचा लाभ घ्यावा, पण सर्व भार त्याच्यावरच ठेवू नये. जवळच्या आठवडे बाजारातही आपली ओळख असावी.

३. पुठ्ठा फुकट नाही

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. पुठ्ठा टाकाऊ आहे असे आपण सहज म्हणतो; परंतु तो उकिरड्यावरून उचलून, निवडून, डोक्यावर वाहून आणणारे कोणी तरी असते. पुणे शहरात हे काम करणाऱ्यांत दलित समाजातील स्त्रियांचाच भरणा फार मोठा आहे. पहाटे उठून त्या काच, कागद व पुठ्ठा गोळा करीत. हात कापत, कुत्री अंगावर येत, लोक चोर म्हणून हटकीत. आणि दिवसअखेर भंगारवाला सांगेल तो भाव घ्यावा लागे.

श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठातील कार्यकर्त्यांनी या स्त्रियांसाठी प्रौढ शिक्षणाचे वर्ग चालविले होते. अक्षरांबरोबर त्यांच्या पोटाचा प्रश्नही वर्गात आला. घरोघरच्या लोकांनी सुका कचरा वेगळा करून यांच्या हाती द्यावा, म्हणजे उकिरडा उपसावा लागणार नाही, अशी खटपट सुरू झाली. १९९३ साली हमालांची संघटना उभारणारे डॉ. बाबा आढाव यांच्या साहाय्याने ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली. पुढे तिच्या सभासदांस छायाचित्रासह ओळखपत्रे मिळाली, व ती पुणे महानगरपालिकेने मान्य केली. ज्या बाईस काल चोर म्हणत तिच्या हाती आज सरकारमान्य कागद आला. २००८ साली याच कामातून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघाली. तिचे सभासद घरोघर जाऊन कचरा घेतात व त्याबद्दल घरवाल्यांकडून ठरलेले शुल्क घेतात.

हे येथे सांगण्याचा हेतू असा की, पुठ्ठ्याच्या माळेत दोन प्रकारचे श्रम असतात: जिने पुठ्ठा वेचला तिचे, आणि जिने मणी वळला तिचे. एकीचे श्रम बुडवून दुसरीचे पोट भरू नये. आपण खोकी घ्यावयाची तर वेचणाऱ्या बाईस भंगारवाल्यापेक्षा दोन पैसे अधिक द्यावे. म्हणजे ती स्वच्छ व कोरडी खोकी निवडून आपणांसाठी राखून ठेवील, व दोघींचेही हित होईल.

४. कृती

पुठ्ठा दोन जातींचा असतो. साबण, औषध, बिस्किटे यांच्या खोक्यांचा पातळ पुठ्ठा मण्यांस योग्य. मोठ्या खोक्यांचा नालीदार, जाड पुठ्ठा गुंडाळता येत नाही. तो भिजवून लगदा करावा. ज्या पुठ्ठ्यावर प्लास्टिकचा पापुद्रा किंवा मेण आहे, अथवा ज्यास तेल व अन्न लागले आहे, तो दोन्ही कामांस निरुपयोगी समजावा.

मणी करण्यासाठी पातळ पुठ्ठ्याच्या त्रिकोणी पट्ट्या कापाव्या. रुंद बाजू अर्धा ते पाऊण इंच व लांबी आठ ते दहा इंच असावी. रुंद टोकाकडून आरंभ करून पट्टी जाड सुईवर किंवा सायकलच्या आऱ्यावर घट्ट गुंडाळावी; मध्यरेषा ढळू देऊ नये. शेवटच्या टोकास सुतारकामाचा पांढरा गोंद लावून ते दाबून धरावे. असा मणी मध्ये फुगीर व दोहों अंगांस निमुळता होतो. तो पुरता वाळल्यावर रोगणाचे दोन-तीन हात द्यावे, व प्रत्येक हात वाळल्याशिवाय दुसरा देऊ नये.

बांगडीसाठी जाड पुठ्ठ्याचे बारीक तुकडे रात्रभर पाण्यात भिजवावे, सकाळी पाटा-वरवंट्यावर किंवा उखळात वाटावे, फडक्यातून पिळून घ्यावे व गोंद मिसळून पुठ्ठ्याच्या कड्यावर थापावे. वाळल्यावर घासून गुळगुळीत करावे, मग रंग व रोगण द्यावे. हा पाटा पुन्हा स्वयंपाकास वापरू नये.

दोन सूचना. रोगणाचे काम उघड्या पडवीत करावे. कोंडलेल्या खोलीत त्याच्या वासाने डोके चढते. आणि तान्ह्या मुलाच्या हाती ही माळ देऊ नये. छापील शाई व रोगण त्याच्या तोंडात जाणे बरे नव्हे. मुळशीचा पावसाळा सर्वांस ठाऊकच आहे. आषाढ-श्रावणात मणी वाळत नाहीत व पुठ्ठ्यास बुरशी येते. म्हणून हा उद्योग दिवाळीपासून उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत करावा.

५. हिशेब

येथवर काम सोपे आहे. कठीण काम पुढेच आहे, ते म्हणजे दर ठरविणे. एक उदाहरण घेऊ. समजा, एका माळेस तीन तास लागतात, आणि दोरा, आकडी, गोंद व रोगण यांस २५ रुपये पडतात. गिऱ्हाईक म्हणते, ‘पुठ्ठ्याची तर माळ, ६० रुपये पुष्कळ झाले.’ बाई आनंदाने ६० रुपये घेऊन घरी जाते. पण तिच्या हाती उरले किती? ३५ रुपये, म्हणजे तासास बारा रुपयेही नाहीत. आठ तास असे राबली तर दिवसाचे सुमारे ९३ रुपये होतात. हीच बाई भातलावणीस गेली असती तर किती मिळाले असते, याचा ज्याने त्याने विचार करावा.

आता तिने तासास ५० रुपये मजुरी धरली, तर तीन तासांचे १५० व सामानाचे २५ मिळून माळेची किंमत १७५ रुपये होते. वेचणारीस द्यावयाचे पैसे व बाजारास जाण्याचे गाडीभाडे त्याखेरीज. इतकी किंमत येत नसेल तर दोनच मार्ग आहेत: हात असा बसवावा की वेळ कमी लागेल, किंवा काम असे सुबक करावे की अधिक दाम देणारा भेटेल. मजुरी सोडून देणे हा तिसरा मार्ग नव्हे. तो धंदा बुडविण्याचा मार्ग होय.

दयेने घेतलेली माळ एकदाच विकली जाते. गिऱ्हाइकास कीव आली म्हणून त्याने घेतली, आणि आठ दिवसांत तिचा मणी उकलला, तर तो पुन्हा फिरकत नाही. शिवाय दुसऱ्या बाईच्या मालासही नाव ठेवतो. म्हणून जो मणी वाकडा झाला तो बाजूस काढण्याचे धैर्य असावे. केडगावी पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून वाचविलेल्या स्त्रियांस आश्रय दिला, त्याबरोबर छापखाना, विणकाम असे उद्योगही शिकविले. आश्रयाने जीव वाचतो. पण मान राखावयास हातात कसब लागते, हे त्या बाईने जाणले होते.

खेड्यात हे काम करावयाचे असेल तर पाचसात बायांनी मिळून करावे. कापणारी, गुंडाळणारी, रोगण देणारी अशी वाटणी केल्यास वेळ वाचतो. लागलेला वेळ, सामान व विक्री यांची नोंद एका वहीत रोजच्या रोज व्हावी, आणि ती वही प्रत्येकीस पाहता यावी. आरंभी फार आशा धरू नये. या कामाने शेतीची जागा भरून निघणार नाही. तथापि हातास काम नसलेल्या महिन्यांत मुलाच्या शाळेची वही व घरचे मीठमिरची इतके जरी त्यातून सुटले, तरी ते आपल्या कष्टाचे असेल.

वर्गासाठी प्रश्न

(१) हैतीतील माता आपली मुले अनाथालयांत का ठेवीत? त्यांस पैशाऐवजी काम देण्याने कोणता फरक पडला?

(२) पुठ्ठा वेचणाऱ्या स्त्रियांस ओळखपत्रामुळे काय लाभ झाला?

(३) विमानतळ बंद पडला असता कारागिराचे नुकसान का होते? आपल्या गावच्या कोणत्या धंद्यास असाच धोका आहे?

(४) एका बाईस बांगडी करण्यास दोन तास लागतात, सामानास १५ रुपये पडतात, व ती बांगडी ५५ रुपयांस विकते. तासाची मजुरी किती पडली? ती आपल्या गावच्या रोजंदारीशी ताडून पाहावी.

(५) आपल्या घरी एका आठवड्यात किती खोकी येतात व त्यांचे काय होते, हे प्रत्येकाने मोजून पुढील वर्गात सांगावे.

वर्ग चालविणाऱ्या बंधुभगिनींनी चौथा प्रश्न फळ्यावर मांडून सर्वांकडून सोडवून घ्यावा. ज्यांस लिहिता येत नाही त्यांच्याकडून तो तोंडी करवून घ्यावा. कारण हिशेब न येणाऱ्याचीच मजुरी प्रथम बुडते.