आजी-आजोबांचा स्मृतिभ्रंश आणि आपले कर्तव्य

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्याकडे इतकी रूढ आहे, की आजी एकच प्रश्न दहादा विचारू लागली किंवा आजोबा नित्याच्या पाणंदीत वाट चुकले, तरी घरच्यांस त्यात वावगे वाटत नाही. वस्तुतः स्मृतिभ्रंश हा मेंदूचा विकार आहे. त्याचा प्रमुख प्रकार जर्मन वैद्य अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली प्रथम मांडला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतातील साठ वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाख व्यक्तींना हा विकार आहे.

प्रत्येक विस्मरण असाध्य नसते. थायरॉइडचे विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य यांमुळेही तशीच लक्षणे दिसतात व ती उपचारांनी कमी होऊ शकतात. म्हणून ‘वय झाले’ असे म्हणण्यापूर्वी रुग्णास अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा अमरावतीचे जिल्हा सामान्य रुग्णालय येथे तपासून घ्यावे. अल्झायमरचा विकार मात्र आजही पूर्ण बरा होत नाही. तेथे घरची काळजी हाच मोठा आधार ठरतो.

वऱ्हाडात या काळजीस काही विशेष बाजू आहेत. उन्हाळ्यात अकोल्याचा पारा अनेकदा ४५ अंशांपर्यंत जातो. अशा रुग्णास तहानेची जाणीव राहत नाही व तो भर दुपारी घराबाहेर पडतो. त्यास ठरावीक वेळी पाणी द्यावे. कपाशीवरील फवारणीची औषधे घरात कुलपात ठेवावीत, कारण रुग्णास बाटलीतील पाणी व विष यांतील भेद कळत नाही. कठडा नसलेल्या विहिरी ग्रामपंचायतीने सुरक्षित करून घ्याव्यात.

रुग्णाशी वाद घालू नये. आज सकाळचे जेवण तो विसरतो, परंतु तरुणपणीचा पोळा त्यास आठवतो. त्याविषयी बोलते करावे. वाती वळणे, तूर निवडणे अशी सवयीची कामे द्यावीत. सेवेचा भार बहुधा एकट्या सुनेवर किंवा नातीवर पडतो. तिची रोजमजुरी बुडते, झोप मोडते. घरातील पुरुषांनी व शेजाऱ्यांनी पाळी वाटून घेणे अगत्याचे आहे.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ यातील ‘अपत्ये’ या संज्ञेत सज्ञान नातू व नात यांचाही समावेश होतो. निर्वाहासाठी उपविभागीय स्तरावरील न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. मानसिक आरोग्यविषयक सल्ला टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळतो.

कुष्ठरोग हे पापाचे फळ मानले जात असताना डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी अमरावतीस तपोवन उभारले. स्मृतिभ्रंशासाठी प्रथम आवश्यक आहे ती हीच दृष्टी. शिक्षकांनी ती शाळेत सांगावी, सदस्यांनी ग्रामसभेत मांडावी आणि वाट चुकलेले आजोबा दिसताच कोणीही न हसता त्यांना घरी पोचवावे.