मृतांची संमती : आइसलँडमधील वंशावळ आणि जनुकांची पेढी

वंशावळ ही वाङ्मयाच्या अभ्यासकाला अपरिचित वस्तू नव्हे. कुलवृत्तान्त आणि तीर्थोपाध्यायांच्या वह्या यांतून पूर्वजांची नावे जपण्याचा परिपाठ मराठी समाजातही आहे. तथापि एका संपूर्ण राष्ट्राच्या गद्याचा पाया वंशकथनावर रचला जावा, हे आइसलँडमध्ये घडले तसे इतरत्र क्वचितच घडले असेल. बाराव्या शतकात आरी थोर्गिल्सनने लिहिलेला ‘ईस्लेन्दिंगाबोक’, म्हणजे ‘आइसलँडवासीयांचा ग्रंथ’, आणि वसाहतकर्त्यांची कुळे नोंदविणारा ‘लांडनामाबोक’ यांच्यापासून ही परंपरा चालत आली आहे. तेथील सागांमध्येही पात्राच्या कृतीआधी बहुधा त्याचे बाप-आजे सांगितले जातात.

विसाव्या शतकाच्या अखेरीस या वाङ्मयीन सवयीला बाजारमूल्य आले. 1996 साली कारी स्टेफान्सन यांनी ‘डिकोड जेनेटिक्स’ ही कंपनी स्थापन केली. 1998 च्या फेब्रुवारीत हॉफमन-ला रोश या स्विस औषध कंपनीने तिच्याशी 20 कोटी डॉलरपर्यंतचा करार केला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात संसदेने कायदा केला. सुमारे पावणेतीन लाख लोकांच्या वैद्यकीय नोंदी एकाच संग्रहात आणून त्यांची सांगड वंशावळी व जनुकीय माहितीशी घालण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली. संशोधनासाठी रक्त देणाऱ्याची लेखी संमती आवश्यक होती. वैद्यकीय नोंदींना मात्र ‘गृहीत संमती’ पुरेशी मानली गेली : ज्याने लेखी नकार कळविला नाही, त्याचा होकारच!

कायद्याच्या समर्थकांचा युक्तिवाद असा की, वृत्तपत्रांतून, सभांतून आणि संसदेत या प्रश्नाचा महिनोन्‌महिने खल झाला. तेव्हा समाजाने आपली संमती दिलेलीच आहे. चर्चा झाली, हे खरेच. शेकडो लेख प्रसिद्ध झाले, काही वैद्य आणि शास्त्रज्ञ संघटित होऊन विरोधात उभे राहिले, सुमारे वीस हजार नागरिकांनी नकार नोंदविला. परंतु सार्वजनिक चर्चा ही व्यक्तीच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही. मौन हे संमतीचे लक्षण मानण्याच्या संकेताने लग्नाच्या बोलणीत मुलींना कधी न्याय मिळाला नाही. रुग्णांना तो कसा मिळावा?

शिवाय, मृतांनी नकार कसा कळवावा? हा प्रश्न कादंबरीने न्यायालयाआधी विचारला. अर्नाल्दुर इन्द्रिदासन यांची ‘मीरिन’ (‘दलदल’) ही रहस्यकथा 2000 साली प्रसिद्ध झाली. आनुवंशिक रोगाने मुलगी गमावलेला एक बाप संशोधनकेंद्रातील संग्रहाच्या आधारे स्वतःच्या जन्माचे गुपित शोधून काढतो. तिच्यातच एका बालिकेची शवपेटी उकरली जाते, तेव्हा कुणालाही न विचारता तिचा मेंदू काढून घेतल्याचे उघड होते. पूर्वजांच्या नावांचा अभिमान बाळगणाऱ्या समाजाला त्याच्या वंशावळीत दडलेली पितृत्वाची असत्ये या कादंबरीने दाखविली. रहस्यकथा म्हणून तिला दुय्यम लेखणे त्यामुळे उचित होणार नाही.

2003 च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. एका मुलीने दिवंगत वडिलांच्या नोंदी संग्रहात घालण्यास हरकत घेतली होती. वडिलांच्या वतीने तिला बोलता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. परंतु त्यांच्या आनुवंशिक लक्षणांवरून तिच्याविषयी अनुमान निघू शकते, म्हणून स्वतःच्या खासगीपणासाठी तिला हरकत घेता येते, हे मान्य केले. कायद्याने दिलेले संरक्षणही अपुरे ठरविले. रक्ताचे नाते येथे प्रथमच अभिमानाचा नव्हे, तर नकाराचा आधार झाले.

तो सर्वसमावेशक वैद्यकीय संग्रह अखेर उभा राहिलाच नाही. स्वेच्छेने रक्त देणाऱ्यांच्या आधारे कंपनीचे संशोधन चालू राहिले. 2009 मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली आणि 2012 मध्ये ॲमजेन या अमेरिकी कंपनीने ती 41.5 कोटी डॉलरला विकत घेतली. कंपनीच्या सहभागाने तयार झालेली वंशावळ 2003 मध्येच नागरिकांना खुली झाली होती. तिला नाव दिले गेले ते आरीच्याच ग्रंथाचे : ‘ईस्लेन्दिंगाबोक’.