कळसूबाईची सहल : पूर्वतयारीचा पाठ
(इयत्ता ५ वी ते ७ वी)

हेतू : उंच ठिकाणी जाताना प्रकृती, सुरक्षितता व खरेदी यांविषयी मुलांनी स्वतः विचार करण्यास शिकावे. सहलीच्या आदल्या आठवड्यात हा पाठ घ्यावा.

विषयप्रवेश : फळ्यावर समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचे तीन आकडे लिहावेत : अहिल्यानगर शहर सुमारे ६५० मीटर, अकोले तालुक्यातील कळसूबाई १६४६ मीटर, लडाखमधील लेह सुमारे ३५०० मीटर. उंची वाढते तशी हवा विरळ होते. म्हणून लेहला पोहोचलेला प्रवासी पहिले एक-दोन दिवस विश्रांती घेतो. एरवी डोकेदुखी व मळमळ जडते. हा त्रास साधारणतः २५०० मीटरच्या पुढे होतो. मग महाराष्ट्राच्या या सर्वोच्च शिखरावर भय कशाचे? मुलांना उत्तरे देऊ द्यावीत. त्यांतून चार शब्द फळ्यावर यावेत : थंडी, तहान, वीज आणि घाई.

विवेचन :
१. थंडी : दर १००० मीटर उंचीस तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते. शहरात २८ अंश असता शिखरावर किती, हे गणित मुलांकडून करवून घ्यावे. घामाने भिजलेल्या अंगाला वारा अधिक बाधतो. एक कोरडा सदरा जवळ असावा.

२. तहान : प्रत्येकाने निदान दोन लिटर पाणी न्यावे. थकवा आल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा व मिठाचा अर्धा सपाट चहाचा चमचा घालून ते घोटघोट पाजावे.

३. वीज : मेघगर्जना ऐकू येताच माघारी फिरावे. शिखरावर, एकाकी झाडाखाली वा लोखंडी कठड्याला धरून उभे राहू नये. दर्शन राहिले तर पुन्हा घडेल.

४. घाई : बारी गावाकडील वाटेवर लोखंडी शिड्या आहेत. तेथे दोन्ही हात मोकळे ठेवावेत. एक शिक्षक पुढे व एक शेवटी असावा. प्रत्येक शिडीनंतर मुले मोजावीत.

सर्पदंश झाल्यास जखम कापू वा चोखू नये. तो अवयव स्थिर ठेवून १०८ क्रमांकास कळवावे व विनाविलंब शासकीय रुग्णालय गाठावे.

खरेदी : भाव आधी विचारावा, उरलेले पैसे मोजून घ्यावेत, उघडे व कापलेले फळ टाळावे. राजूरचा पेढा ताजा पाहून घ्यावा. वाटेवर रानमेवा विकणाऱ्या मुलाशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालू नये. तोही एखाद्या शाळेच्या हजेरीपटावरचा विद्यार्थी आहे.

प्रत्यक्ष काम : प्रत्येकाने आपल्या पिशवीतील वस्तूंची यादी करून प्रत्येकीपुढे तिचे कारण लिहावे. ज्या वस्तूचे कारण सांगता येत नाही, ती घरी ठेवावी.